शब्द तेच, सभा निराळी : मराठी न्यायव्यवहारातील काही शब्दांची वाटचाल



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला शाळा चालवीत आली आहे त्यांना वंदन करून मी विषयाला हात घालतो. कायदा हा माझ्या अध्यापनाचा विषय नव्हे. मी आयुष्यभर मराठी शिकविले. परंतु मराठी गद्याच्या अभ्यासकाला जुने न्यायकागद टाळून चालत नाही, कारण आपल्या जुन्या गद्याचा फार मोठा साठा भांडणांनी निर्माण केलेला आहे. वतनाचे भांडण, शिवेचे भांडण, मानपानाचे भांडण, भाऊबंदांच्या वाटणीचे भांडण. माणूस सुखात असताना क्वचितच कागद लिहितो. तंटा उभा राहिला की मात्र तीन पिढ्यांची हकीकत तपशीलवार सांगतो. तिलाच आपले पूर्वज 'करीना' म्हणत.

या कागदांतील बहुतेक शब्द आजही कोर्टात वावरतात. फिर्याद, दावा, जामीन, पंच, राजीनामा, गहाण, दरखास्त हे शब्द तुम्हां-आम्हांला ओळखीचे वाटतात, आणि नेमका तेथेच घोटाळा होतो. न्यायव्यवहारातील शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीने ठरत नाही. तो शब्द ज्या सभेत उच्चारला जातो, त्या सभेच्या अधिकाराने ठरतो. गेल्या साडेतीनशे वर्षांत सभा अनेकदा बदलली, शब्द मात्र जुनेच राहिले. जुन्या अर्थावर विसंबून नव्या सभेसमोर जो उभा राहिला त्याची काय गत झाली, हे आज मला सांगावयाचे आहे.

आरंभ मराठेशाहीतील गोतसभेपासून करू. गावात तंटा झाला की गावचे व परगण्याचे वतनदार, बलुतेदार आणि सरकारी अंमलदार एकत्र बसत. दोन्ही पक्ष आपापली 'तकरीर', म्हणजे निवेदन, लेखी देत. या सभेचा निर्णय आम्हांस मान्य होईल असे जे संमतीपत्र ते लिहून देत, त्याला म्हणत 'राजीनामा'. राजी असल्याचा नामा, इतका सरळ अर्थ. निवाडा झाल्यावर हरणारा 'येजितखत' लिहून देई, म्हणजे आपला दावा खोटा ठरल्याची स्वहस्ते कबुली. जिंकणाऱ्याकडून सरकार 'हरकी' घेई आणि हरणाऱ्याकडून 'गुन्हेगारी'. गुन्हेगारी म्हणजे दंडाची रक्कम. 'अमक्याकडून गुन्हेगारी घेतली' असे वाक्य जुन्या कागदात वाचून आजचा विद्यार्थी बुचकळ्यात पडतो, कारण आज गुन्हेगारी घेता येत नाही, ती फक्त वाढते.

सभेचा निर्णय ज्या कागदावर लिहीत तो 'महजर'. मूळ अरबी शब्दाचा अर्थ उपस्थिती असा आहे. महजराच्या आरंभी हजर असलेल्यांची यादी असे, तिला 'हाजीर मजालस' म्हणत, आणि शेवटी त्यांच्या निशाण्या. पाटलाची निशाणी नांगर, इतरांची आपापल्या धंद्याच्या हत्याराची. हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. ज्यांनी ऐकले आणि ठरविले तेच साक्षीलाही होते. न्याय देणारा, न्याय पाहणारा आणि न्याय पुढच्या पिढीला सांगणारा ही माणसे वेगळी नव्हती. म्हणून शब्दांचे अर्थ कोणाला समजावून सांगावे लागत नसत. पंचांमुखी परमेश्वर ही म्हण त्या व्यवस्थेतून आली.

या सभेचे मी गोडवे गात नाही. तिच्यात वतनदाराचे पारडे जड असे, स्त्रीला आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला तिच्यात किती आवाज होता हे सर्वांना ठाऊक आहे, आणि पुरावा संपला की 'दिव्या'वर पाळी येई. तापल्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा आणि हात भाजला नाही तर खरा. अग्निदिव्य हा शब्द आज आपण परीक्षेला बसलेल्या मुलाबद्दलही वापरतो. ज्यांचे हात भाजले त्यांना ही उपमा रुचली नसती. डॉ. विठ्ठल त्र्यंबक गुणे यांनी १९५३ साली मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर जो ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध केला, तो ज्यांना या विषयाची गोडी लागेल त्यांनी मुळातून वाचावा.

शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडून सिद्ध करवून घेतला. दहा वर्ग आणि सुमारे चौदाशे शब्द असा त्याचा विस्तार. त्या काळात मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, सरनोबताचा सेनापती झाला. राज्याचे तोंड त्यामुळे पालटले यात शंका नाही. परंतु पुढील शतकातील तंट्यांचे कागद पाहा : फिर्याद फिर्यादच राहिली, जामीन जामीनच राहिला. राजा पदनामे एका आज्ञेने बदलू शकतो. पण शेतकऱ्याची हाक बदलणे त्याच्याही हाती नसते. फिर्याद या फारसी शब्दाचा मूळ अर्थ तरी काय? साहाय्यासाठी मारलेली हाक.

१८१८ साली पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टनला पंचायती टिकवाव्यात असे वाटत होते, परंतु १८२७ साली मुंबई इलाख्याचे कायदे संहितारूपाने आले, कंपनीची कोर्टे स्थिरावली आणि पंचायत आपोआप मागे पडली. 'पंच' हा शब्द मात्र राहिला. तो कोठे राहिला? पंचनाम्यात. झडतीच्या वेळी परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत असा फौजदारी कायद्याचा दंडक. त्यांना आपण पंच म्हणतो. ते पाच असावे लागत नाहीत आणि त्यांना काही ठरविण्याचा अधिकार नसतो. पोलिसांनी काय पाहिले, काय जप्त केले, त्याखाली सही करावयाची आणि बोलावले की साक्षीला जावयाचे. जो न्यायाधीश होता तो साक्षीदार झाला. पदावनतीची याहून मोठी कथा मराठी शब्दकोशात मला आढळलेली नाही.

ऋणकोच्या शब्दांची कथा मात्र केवळ नवलाची नाही. ती रक्ताची आणि जमिनीची आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो.

आपल्याकडे 'दामदुपट' नावाचा नियम होता. एका वेळी वसूल होणारे व्याज मुदलाहून अधिक असू नये, असा तो धर्मशास्त्रातून आलेला दंडक. सावकाराच्या हाताला घातलेला तो बांध होता. मुंबईच्या न्यायालयांनी तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मान्य केला, इतका की हा शब्द जसाच्या तसा इंग्रजी निकालपत्रांत जाऊन बसला. परंतु १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील फिर्यादीला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा. परिणाम असा झाला की मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई, आणि त्यात साचलेले व्याज मुदलात मिळवी. व्याजच मुदल झाले, तेव्हा दामदुपट कशाच्या दुपटीवर मोजणार? नियम पुस्तकात शाबूत राहिला आणि व्यवहारात निकामी झाला. पुढे या शब्दाची आणखी एक विटंबना व्हावयाची होती. आजच्या बोलीत 'दामदुप्पट' म्हणजे पैसे दुप्पट करून देण्याचे आमिष. जो शब्द लोभाची मर्यादा सांगत होता तो लोभाची जाहिरात झाला.

दुसरा शब्द 'गहाण'. नजरगहाणात जमीन ऋणकोच्या ताब्यात राही, ताबेगहाणात सावकाराच्या. याखेरीज 'गहाण-लहाण' अशी एक अट असे : ठरल्या मुदतीत पैसे न आल्यास गहाण ही विक्री समजावी. गावात तिचा अर्थ लवचीक होता. सावकारालाही त्याच गावात राहावयाचे असे, पीक बुडाले तर तोही थांबे. नव्या कोर्टात मात्र कागदावरचे अक्षर प्रमाण. १८६४ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर 'रामजी विरुद्ध चिंतो' हे प्रकरण आले आणि न्यायालयाने सांगितले की अशी अट असली तरी ऋणकोचा जमीन सोडविण्याचा हक्क बुडत नाही. एकदा गहाण ते गहाणच. पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मद्रासकडील एका प्रकरणात निराळे मत दिले, तरी मुंबईचे न्यायालय आपल्या भूमिकेवर राहिले. मराठी शेतकऱ्याच्या इतिहासात या निकालाला जितके स्थान मिळावयास हवे तितके मिळालेले नाही.

सावकारांनी यावर उपाय शोधला. गहाणखत लिहून न घेता सरळ 'खरेदीखत' लिहून घ्यावयाचे आणि पैसे फेडलेस तर जमीन परत देईन असे तोंडी सांगावयाचे. गोतसभेत तोंडचा शब्द चालला असता, कारण ऐकणारे समोर होते. कोर्टात कागद चालला. अक्षरशत्रू माणसाने 'निशाणी नांगर' ज्या विश्वासाने काढली होती, त्याच विश्वासाने तो अंगठा उमटवीत होता.

१२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे, बाजारच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि हा वणवा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत पसरला. लोकांना धान्य किंवा दागिने हवे होते असे नव्हे. त्यांना कागद हवे होते. रोखे, खते आणि हुकूमनामे हस्तगत करून त्यांनी जाळले. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तेथे पुष्कळदा त्याच्या अंगाला हातही लागला नाही. आपण ज्याला सह्या केल्या त्याचा अर्थ आपल्या हातून निसटला आहे, हे त्या माणसांना पुरते उमगले होते. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. त्याने न्यायाधीशाला रोख्यावरील आकड्याच्या मागे जाऊन मूळ देण्याघेण्याचा हिशेब तपासण्याचा अधिकार दिला, आणि पुढील दुरुस्तीने खरेदीखताच्या आड गहाण दडले आहे काय हे तोंडी पुराव्यावरून पाहण्याचीही मुभा मिळाली. म्हणजे कागदाने जी सभा घालविली होती तिचा एक कोपरा कायद्याला परत आणावा लागला.

त्याच १८७५ च्या मे महिन्याच्या अखेरीस इकडे बडोद्यात एका शेतकरी कुळातील मुलाचे दत्तविधान झाले. सयाजीराव महाराजांनी १८८१ च्या डिसेंबरात राज्यसूत्रे हाती घेतली, आणि शब्दांचा प्रश्न त्यांच्या दरबारात वेगळ्या रूपाने उभा राहिला. राजघराणे आणि बरेच अधिकारी मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती, जुने दप्तर मोडीत, कायद्याचे नमुने इंग्रजीत. अशा राज्यात कायदा प्रजेला कळावयाचा कसा?

महाराजांच्या राज्यात कायद्याला 'निबंध' म्हणत. आमच्या पिढीतील मुलांना याचे हसू येई, कारण शाळेत निबंध म्हणजे पावसाळ्यावर किंवा गाईवर लिहावयाचा. वास्तविक बडोद्याचा अर्थच जुना. धर्मशास्त्रावरील संग्रहग्रंथांना निबंध म्हणण्याची परंपरा कित्येक शतकांची, तर चिपळूणकरांच्या निबंधमालेचा जन्म १८७४ चा. पुढे सावरकरांनी कायद्यासाठी 'निर्बंध' हा शब्द पुरस्कारिला. मला स्वतःला बडोद्याचा शब्द अधिक आवडतो. निर्बंध म्हटले की केवळ अडविणे डोळ्यांसमोर येते. निबंध म्हटले की बांधून, जुळवून ठेवणे. राज्याचे सर्वोच्च न्यायपीठ 'वरिष्ठ कोर्ट' या नावाने ओळखले जाई; एक शब्द संस्कृत, एक इंग्रजी, आणि कोणाचे काही अडले नाही. १८९६ साली उभ्या राहिलेल्या आणि २०१८ पर्यंत न्यायालये सामावून घेणाऱ्या इमारतीला बडोदेकर 'न्यायमंदिर' म्हणतात, हे मी येथे सांगावयास नको.

१९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' प्रसिद्ध झाला. शासन आणि न्याय यांतील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडणारा असा कोश त्या काळात एखाद्या संस्थानाने काढावा ही सामान्य गोष्ट नव्हे. राजव्यवहारकोशात एक शब्द हटवून दुसरा बसविण्याची दृष्टी होती. येथे आठ भाषांचे शब्द एका पंक्तीला बसविले आहेत. याच शहरात १८९४ साली जन्मलेले माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांचा फारसी-मराठी कोश १९२५ चा. आपल्या कोर्टभाषेची मुळे ज्याला शोधावयाची असतील त्याला या दोन कोशांवाचून गत्यंतर नाही, आणि दोहोंचे धागे बडोद्याशी जुळलेले आहेत.

त्याच १९३१ मध्ये बडोदे राज्याने हिंदू स्त्रीपुरुषांना विवाह मोडण्याची मुभा देणारा निबंध केला. ब्रिटिश हिंदुस्थानात त्या वेळी हिंदूंसाठी असा सर्वसाधारण कायदा नव्हता. मुंबई प्रांतात तो १९४७ साली आला आणि देशभर १९५५ साली. हे मराठीत काय म्हणून सांगावयाचे? शब्द तर पुष्कळ होते. ज्या जातींत विवाह मोडण्याची रूढी होती त्यांच्यात 'काडीमोड' होता, पंचांसमोर काडी मोडली की संबंध मोडला. 'सोडचिठ्ठी' होती. 'फारकत' होती, जी मूळची 'फारखती', म्हणजे देणे फिटल्याचे मोकळीकपत्र. कर्ज फेडल्यावर सावकार जी देई तीच नवरा बायकोला देई. आणि आज सुशिक्षितांनी रूढ केलेला 'घटस्फोट' हा शब्द तर मूळचा विवाहाचा नव्हेच. पतिताला जातीबाहेर टाकताना त्याच्या नावाने पाण्याचा घडा दासीकडून पायाने लवंडून देण्याचा जो विधी स्मृतींत सांगितला आहे, त्याचे ते नाव. त्या क्षणापासून तो माणूस आप्तांना मेला. विवाह संपल्यावर स्त्रीने सन्मानाने जगावे यासाठी कायदा झाला आणि भाषेने त्याला बहिष्काराचे नाव दिले. काडीमोड हा शब्द ज्यांना गावंढळ वाटला, त्यांनी घटस्फोट पत्करताना फार विचार केला असावा असे मला वाटत नाही.

या प्रकरणात आजही माणसे फसतात. हिंदू विवाह कायद्याने रूढीने होणारी काडीमोड राखून ठेवली आहे. परंतु तशी रूढी आपल्या समाजात होती हे न्यायालयात सिद्ध करावे लागते. ती नसेल तर मुद्रांकाच्या कागदावर दोघांनी सह्या करून घेतलेली फारकत कितीही सुवाच्य असली तरी विवाह कायम असतो, आणि त्यानंतर केलेले दुसरे लग्न निरर्थक ठरते. त्याचे परिणाम बहुधा त्या दुसऱ्या स्त्रीला भोगावे लागतात. जुन्या सभेचा शब्द नव्या सभेत चालतो अशा समजुतीचे हे शंभर नंबरी उदाहरण होय.

१ मे १९४९ रोजी बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९६० साली आपण गुजरातेत आलो. महाराष्ट्राने त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापिले, १९६४ साली राजभाषेचा कायदा केला आणि परिभाषा घडविली. महाराष्ट्राबाहेरच्या आपणां मराठी माणसांची गोष्ट निराळी. आपले शब्द शेजारच्या भाषेतही तेच आहेत, पण दर प्रांतात त्यांना वेगळे वळण. राजीनामाच घ्या. गोतसभेतील संमतीपत्र इंग्रजी अमलात जमिनीचा कब्जा सोडून देण्याचा कागद झाले. एकाने राजीनामा द्यावयाचा आणि दुसऱ्याने कबुलायत. तेथून मराठीत व गुजरातीत तो नोकरी सोडण्याचा अर्ज झाला. इंदूर-ग्वाल्हेरच्या हिंदी कोर्टात मात्र राजीनामा म्हणजे तडजोड. तेथे कोणी 'राजीनामा हो गया' म्हटले तर कोणाची नोकरी गेली म्हणून हळहळू नये, दोन भाऊ एक झाले म्हणून पेढे मागावेत. बेळगावकडे पोलीस 'महजर' करतात, म्हणजे आपला पंचनामा. शाहूकालीन निर्णयपत्राचे नाव जप्तीच्या कागदाला मिळाले. गोव्यात 'मुंडकार' आहे, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा. १९७५ साली त्याला हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला, तरी पुण्याच्या वाचकाला त्या शब्दासाठी विचारपूस करावी लागते. 'विचारपूस' म्हणालो म्हणून आठवले, 'पुरसिस' या फारसी शब्दाचा तोच अर्थ. आज पक्षकार कोर्टाला जे छोटेसे निवेदन लिहून देतो ते पुरसिस. विचारणाऱ्याचा शब्द उत्तर देणाऱ्याकडे गेला.

'दरखास्त' हा आणखी एक. बोलण्यात तो विनंती किंवा प्रस्ताव आहे, कोर्टात हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज. दावा जिंकला म्हणून घरी सत्यनारायण घालणाऱ्याला वकील जेव्हा सांगतो की आता दरखास्त लावावी लागेल, तेव्हा त्याला कळत नाही की जिंकल्यावर पुन्हा विनंती कसली. 'आरोपी' या शब्दाविषयी तर वृत्तपत्रांनीच अधिक जपावयास हवे. ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी. गुन्हेगार तो निकालानंतर, ठरला तर. आणि प्रत्येक मनुष्यवध हा 'खून' नसतो. सदोष मनुष्यवध आणि खून यांतील सीमारेषा १८६० च्या दंडसंहितेने आखली आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेने ती कायम ठेवली आहे. कलमांचे आकडे बदलले, ३०२ चे १०३ झाले, भेद तोच राहिला.

शेवटी 'जामीन', कारण हा शब्द या सभागृहातील बहुतेकांच्या वाट्याला कधी ना कधी येतो. अरबीत आणि जुन्या मराठीत जामीन म्हणजे माणूस, हमी घेणारा. त्याने दिलेली हमी ती जामिनकी. हिंदीने हा भेद जमानत हा शब्द वेगळा ठेवून पाळला. मराठीत माणूस आणि मोकळीक या दोहोंना एकच नाव पडले, आणि मग माणसाला ओळखता यावे म्हणून 'जामीनदार' हा शब्द घडवावा लागला. मराठेशाहीत जामीन राहणारा आपली पत गावासमोर पणाला लावीत असे आणि त्याला ते ठाऊक असे. आज मित्राच्या किंवा पुतण्याच्या कर्जाच्या कागदावर आपण सही करतो ती ओळख दिल्यासारखी. परंतु १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणे, कागदात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते, आणि धनकोने आधी ऋणकोवर दावा लावावा अशी अट नाही. तो सरळ जामीनदाराच्या दाराशी येऊ शकतो.